फळांचे तिरामिसू: पाण्याचा आणि कडवटपणाचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नेहमीच्या तिरामिसूतील (भिजवलेली बिस्किटे आणि क्रीम यांच्या थरांच्या इटालियन गोडातील) कॉफीच्या जागी आंब्याचा गाढ रस वापरला, वरच्या थरात ताज्या अननसाच्या फोडी घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेच्या तळाशी पाणी साचले. बिस्किटे मात्र मधून कोरडीच राहिली, क्रीमला किंचित कडू चव आली आणि एकूण पदार्थ नुसताच गोड लागला. या चारही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. तरीही त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फळ हे कॉफीच्या जागी बसणारे द्रव्य नव्हे. कॉफी या पदार्थात जे काम करते, ते काम फळ करत नाही. म्हणून फळ आणताना ते काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागते.

मूळ पदार्थ कसा उभा आहे, ते आधी पाहू. इटलीच्या व्हेनेतो प्रांतातील त्रेव्हिजो शहरात ‘ले बेक्केरिए’ नावाच्या उपाहारगृहात १९७०च्या सुमारास तिरामिसू आजच्या रूपात पुढे आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शेजारचा फ्रिउली प्रांतही त्याच्यावर हक्क सांगतो. त्रेव्हिजोच्या कृतीत सहाच जिन्नस असतात: सॅव्होयार्डी नावाची हलकी, लांबट बिस्किटे, अंड्यातील पिवळा बलक, साखर, मस्कारपोने (क्रीमपासून बनणारे मऊ चीज), कडक कॉफी आणि गोडी नसलेली कोको पावडर. त्यात मद्य नाही, फेटलेले क्रीम नाही. या सहांपैकी बिस्किटे, साखर, बलक आणि मस्कारपोने ही चारही द्रव्ये गोडीच्या किंवा स्निग्धतेच्या बाजूची आहेत. मस्कारपोनेच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण चाळीस ते पंचेचाळीस ग्रॅम स्निग्धांश असतो. या सगळ्या जडपणाला तोलून धरतात ती उरलेली दोन कडू द्रव्ये, कॉफी आणि कोको. शिवाय कॉफी पाण्यासारखी पातळ असते, ती बिस्किटात क्षणात शिरते आणि तिच्यात गोडी नसते.

आता कॉफी काढून तेथे आंब्याचा रस घातला की काय होते? कडवटपणा गेला, गोडी वाढली, आणि पातळ द्रवाच्या जागी गाढ द्रव आला. गाढ रस बिस्किटाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरू शकत नाही, तो पृष्ठभागावरच लेपासारखा बसतो. त्यामुळे बाहेरून बिस्किट बुळबुळीत आणि आतून कोरडे, अशी विचित्र अवस्था होते. रात्रभरात त्या रसातील मोकळे पाणी खाली झिरपते आणि ट्रेच्या तळाशी जमते. आपल्याकडे नेमके हेच घडले आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की बिस्किटे भिजवण्याचे द्रव आणि फळाचा थर ही दोन कामे पूर्णपणे वेगळी ठेवावीत. भिजवण्याचे द्रव पातळ, थंड आणि शक्यतो बिनसाखरेचे असावे, कारण बिस्किटांत आणि त्यांच्या वरच्या कवचात पुरेशी साखर आधीच असते. त्यात थोडा कडवटपणा, तुरटपणा किंवा आंबटपणा असायलाच हवा. फळ आंबा असेल तर मी कोऱ्या काळ्या चहाचा कडक अर्क घेतो, त्यात गाळलेला पॅशन फ्रूटचा रस आणि लिंबाच्या सालीचा फक्त हिरवा किस घालतो. चहाचा तुरटपणा तोंडातील स्निग्धता धुऊन काढतो आणि पॅशन फ्रूट आंब्याला त्याच्यात नसलेली धार देते. फळ केळे किंवा भाजलेले अननस असेल तर मात्र कॉफीला हात लावू नये, ती मुळाप्रमाणेच ठेवावी. केळे आणि कॉफी यांची जोडी इतकी चांगली जमते की तेथे बदल करण्याचे काही कारणच उरत नाही.

आंबा आणि गडद भाजलेली कॉफी यांचे एका घासात फारसे जमत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. आंब्याचा सुगंध हलक्या, चटकन उडून जाणाऱ्या घटकांचा असतो, आणि जास्त भाजलेल्या कॉफीचा धुरकट वास त्याला दाबून टाकतो. उरते ती नुसती गोडी. पण म्हणून कॉफी पूर्णपणे सोडून द्यावी असेही नाही, कारण कॉफीचा मागमूस नसलेल्या थरांच्या गोडाला तिरामिसू म्हणताना माझे मन कचरते. यावर एक उपाय अतिशय चांगला आहे. मध्यम किंवा हलक्या भाजणीच्या कॉफीच्या तीस ग्रॅम बिया खलबत्त्यात फक्त भरड फोडाव्यात, २५० मिलीलीटर थंड क्रीममध्ये घालाव्यात आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. सकाळी बारीक गाळणीतून गाळल्यावर क्रीम जवळजवळ पांढरेच राहते, कडूपणा नाममात्र येतो, पण कॉफीचा सुगंध स्निग्धांशात पुरेपूर उतरलेला असतो. गंध देणारे बरेचसे घटक स्निग्ध द्रव्यात सहज विरघळतात, म्हणून हे साधते. बियांना थोडे क्रीम चिकटून राहते, त्यामुळे हाती दोनशे मिलीलीटरच्या आसपास येते, आणि पुढील मापे त्या हिशेबाने दिली आहेत. मात्र बिया पिठासारख्या बारीक दळू नयेत. तसे केल्यास क्रीम करडे होते आणि गाळ जिभेला लागतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. पिकलेल्या आंब्याच्या गराचा चार पंचमांशाहून अधिक भाग पाणीच असतो, आणि अननसात ते प्रमाण आणखी थोडे जास्त असते. हे पाणी जोवर फळाच्या पेशींत बंदिस्त आहे तोवर त्रास देत नाही. आपण फळ कापले, वाटले किंवा साखरेच्या संपर्कात आणले की ते बाहेर पडू लागते. क्रीमच्या थरात साखर असल्यामुळे त्यात अडकलेली ताजी फोड तासागणिक पाणी सोडत राहते आणि प्रत्येक फोडीभोवती एक पातळ डबके तयार होते. यावरून एक नियम मी कधीही मोडत नाही: थरांच्या आत कच्च्या फोडी घालायच्या नाहीत. फोडी हव्याच असतील तर त्या वाढण्याच्या वेळी वर ठेवाव्यात.

आतला फळाचा थर आटवलेल्या गराचा करावा. पण येथे एक अडचण येते. आंबा फार वेळ शिजवला की त्याचा ताजा सुगंध जातो आणि मुरंब्यासारखी चव येते. मुरंबा वाईट नसतो, पण आपल्याला येथे ताजा आंबा हवा आहे. म्हणून गराचे दोन भाग करावेत. सहाशे ग्रॅम गाळलेल्या गरापैकी चारशे ग्रॅम पसरट, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर सतत ढवळत निम्मा होईपर्यंत आटवावा आणि उरलेला दोनशे ग्रॅम कच्चाच ठेवावा. चार मोठे चमचे पाण्यात एक ग्रॅम अगर-अगर (समुद्री शैवालापासून मिळणारे, पदार्थ जमवणारे द्रव्य) पावडर घालून ती दोन मिनिटे चांगली उकळावी, कारण अगर उकळल्याशिवाय पूर्ण विरघळत नाही, आणि नंतर ती आटवलेल्या गरम गरात मिसळावी. आता आचेवरून उतरवून कच्चा गर, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालावे. कच्चा गर या वेळी फ्रिजमधून काढलेला थंडगार असू नये. अगर सुमारे पस्तीस ते चाळीस अंश सेल्सिअसलाच गोठू लागते, त्यामुळे थंड गर पडताच त्याच्या गाठी होतात. मिश्रण पूर्ण गार होऊन मऊसर जमले की ते मिक्सरमधून पुन्हा एकदा फिरवावे. ही शेवटची पायरी बहुतेक कृतींत सांगितलेली नसते, आणि माझ्या मते सगळा फरक तीच घडवते. जमलेले अगर फिरवले की त्याचे लुसलुशीत, पसरता येईल असे दाट मिश्रण होते. ते जेलीसारखे थरथरत नाही, चमच्याला छान धरून राहते आणि पाणीही फारच कमी सोडते.

जिलेटिन वापरावे का, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. आंब्याला ते चालते, पण कच्च्या अननसाला किंवा पपईला ते अजिबात चालत नाही, आणि आपल्या क्रीमला आलेल्या कडू चवीचे कारणही याच ठिकाणी आहे. अननसात ब्रोमेलेन नावाची, प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. जिलेटिन हे प्रथिनच असल्यामुळे ती त्याला जमूच देत नाहीत. दुधाच्या प्रथिनांचेही ती तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांपैकी काही चवीला कडू असतात. म्हणून मस्कारपोनेत ताजे अननस मिसळल्यावर ते तासाभरात ठीक लागते आणि दुसऱ्या दिवशी कडवट होते. तक्रार दुसऱ्या दिवशीच का आली, याचे उत्तर यात आहे. पपईत पपेन नावाचे त्याच जातीचे विकर असते. ते कच्च्या फळात फार आणि पिकलेल्यात कमी असते, तरीही विश्वास ठेवू नये. उष्णतेने ही विकरे निकामी होतात. अननसाच्या बारीक फोडी थोड्या साखरेत घालून उकळी आल्यावर सात-आठ मिनिटे नीट शिजवल्या की काम होते. डबाबंद अननस प्रक्रियेतच तापवलेले असते, त्यामुळे त्याला हा दोष नसतो.

अननसाच्या बाबतीत मी तर नुसते उकळण्यापेक्षा भाजणेच पसंत करतो. जाड चकत्या कोरड्या तव्यावर किंवा कडक तापलेल्या ओव्हनमध्ये कडा तपकिरी होईपर्यंत भाजाव्यात, मग बारीक चिरून स्वतःच्याच सुटलेल्या रसात आटवाव्यात. यात विकर मरते, पाणी उडते आणि साखर करपण्याच्या उंबरठ्यावर आल्यामुळे एक सौम्य कडवटपणा येतो, जो कॉफीशी सहज जुळतो. अर्थात, चकती मध्यभागीही पूर्ण तापली पाहिजे. बाहेरून डाग आणि आतून कच्ची, असे झाले तर विकर शाबूतच राहते.

क्रीमकडे वळू. वीस सेंटीमीटर चौरस आणि सहा सेंटीमीटर खोल ट्रेसाठी, म्हणजे आठ जणांना पुरेल इतक्या पदार्थासाठी, ५०० ग्रॅम मस्कारपोने, ४ बलक, ८० ग्रॅम साखर आणि वर सांगितलेले कॉफीच्या गंधाचे २०० मिलीलीटर क्रीम पुरेसे होते. त्या क्रीममध्ये स्निग्धांश पस्तीस टक्क्यांच्या आसपास असावा. बिस्किटे चोवीस आणि भिजवण्याचे द्रव २५० मिलीलीटर लागते. साखर मुद्दाम थोडी कमी धरली आहे, कारण फळ आपली गोडी घेऊन येतेच.

बलक आणि साखर उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या वाडग्यात सतत फेटावेत. वाडग्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नये. त्रेव्हिजोच्या कृतीत बलक कच्चेच असतात. पण फळांचा पदार्थ बहुधा पाहुण्यांसाठी, लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी केला जातो आणि तो रात्रभर ठेवलाही जातो, तेव्हा कच्च्या अंड्यांतून येऊ शकणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूचा धोका पत्करू नये. मिश्रण ७१ अंशांच्या थोडे वर नेले की ते सुरक्षित होते. ऐंशीच्या पुढे गेल्यास मात्र बलक दाणेदार होऊ लागतो. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास अंदाजावर राहू नये. मिश्रण फिकट आणि दाट झाले की वाडगा खाली उतरवून पूर्ण गार होईपर्यंत फेटत राहावे.

मस्कारपोने फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवावे आणि चमच्याने फक्त मऊ करावे. त्याला यंत्राने जोरात फेटणे हे ते फाटण्याचे पहिले कारण आहे. इतका स्निग्धांश असलेला पदार्थ जास्त घुसळला की लोणी वेगळे होते आणि पाणी वेगळे. दुसरे कारण तापमानातील तफावत, म्हणजे गरम बलक थंड मस्कारपोनेवर ओतणे. फळाच्या आंबटपणाला मात्र आपण समजतो तितके घाबरण्याची गरज नाही. मस्कारपोने मुळातच तापवलेल्या क्रीममध्ये आम्ल घालून तयार होते, त्यामुळे थोडा आंबट गर ते सहज सोसते. पाणी मात्र त्याला सोसत नाही. तयार क्रीममध्ये फळाचा जो गर मिसळायचा तो वर सांगितलेला दाट गरच असावा, आणि पाचशे ग्रॅम मस्कारपोनेला शंभर ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. रंग अधिक गडद यावा म्हणून हे प्रमाण वाढवण्याचा मोह होतो, पण तेवढ्यासाठी क्रीम ढासळते. मिश्रण फाटू लागल्याची पहिली चिन्हे दिसली, म्हणजे पृष्ठभाग दाणेदार झाला, तर ताबडतोब थांबून दोन-तीन चमचे पातळ, न फेटलेले क्रीम घालावे आणि हाताने सावकाश ढवळावे. वेळेवर केल्यास बहुधा ते सावरते.

क्रम असा ठेवावा: आधी मस्कारपोने आणि गार बलक, मग दाट गर, आणि शेवटी मऊ शिगा येईपर्यंतच फेटलेले क्रीम, तेही खालून वर उचलत, हलक्या हाताने. अंडी नको असल्यास बलक वगळून क्रीम ३०० मिलीलीटर घ्यावे आणि साखर पिठीसाखरेच्या रूपात त्यातच फेटावी. चवीची खोली थोडी कमी होते, पण बांधणी उत्तम राहते. नारळाची चव हवी असेल तर नारळाचे दूध फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून फक्त वर जमलेला घट्ट भाग घ्यावा आणि तेवढेच क्रीम कमी करावे. नारळाचा स्निग्धांश चोवीस-पंचवीस अंशांखाली घट्ट होतो, म्हणून असा थर फ्रिजमध्ये चांगला बसतो आणि त्याला वेगळ्या घट्ट करणाऱ्या द्रव्याची गरज पडत नाही.

केळ्याबद्दल एवढेच सांगतो की चकत्या आधी लोणी आणि साखरेत दोन्ही बाजूंनी परतून घ्याव्यात. कच्च्या चकत्या हवेच्या संपर्काने काळवंडतात, आणि लिंबाचा रस हे थांबवत नाही, फक्त लांबवतो. पेरू आणि लिची यांत मला या पदार्थासाठी पुरेशी धार वाटत नाही. लिची तर मस्कारपोनेत अक्षरशः हरवते. पॅशन फ्रूट एकटेच वापरायचे असल्यास त्याच्या आंबटपणासाठी साखर वाढवावी लागेल, आणि वर कोको निःशंकपणे वापरता येईल.

थर रचताना बिस्किट द्रवात टाकून सोडू नये. एक बाजू, दुसरी बाजू, असे प्रत्येकी जेमतेम एक सेकंद बुडवून लगेच ट्रेमध्ये ठेवावे. मोडून पाहिल्यास मध्यभागी अगदी बारीक कोरडी रेघ दिसली पाहिजे, ती पुढच्या काही तासांत आपोआप ओलसर होते. द्रव गरम असेल तर बिस्किट हातातच विरघळते, म्हणून ते पूर्ण गार हवे. भिजवलेल्या बिस्किटांवर आधी क्रीमचा पातळ थर द्यावा आणि मगच फळाचा. क्रीमचा स्निग्ध पडदा मध्ये असला की फळातील उरलासुरला ओलावा बिस्किटांपर्यंत लवकर पोहोचत नाही. फळावर पुन्हा बिस्किटे, आणि त्यावर उरलेले सर्व क्रीम. ट्रे रचून होण्याआधी फळाचा गर एकदा चाखून पाहावा. थंडपणात गोडी आणि गंध दोन्ही मंद वाटतात, म्हणून सामान्य तापमानाला तो किंचित अधिक तीव्र, विशेषतः किंचित अधिक आंबट लागला पाहिजे.

वरच्या थरावर काय घालावे, यावर मी बराच विचार केलेला आहे. आंब्याच्या तिरामिसूवर कोकोचा जाड थर नको, तो आंब्याला झाकोळतो आणि ओलाव्याने चिकट, काळपट होतो. पण काहीच कडू नसणेही चालत नाही. यासाठी अत्यंत बारीक दळलेली कॉफी बारीक चाळणीतून नुसती भुरभुरावी, अगदी खालचे क्रीम स्पष्ट दिसेल इतकीच, आणि त्यावर लिंबाच्या सालीचा ताजा किस घालावा. ज्यांना पोत हवा असेल त्यांनी भाजलेल्या कोको बियांचा चुरा वापरावा. पांढरे चॉकलेट आणि फळांचे बाजारी सिरप मी कटाक्षाने टाळतो. दोन्हींमुळे पदार्थ पुन्हा त्याच सपाट गोडीकडे जातो, जिची आपण तक्रार केली आहे. केळे, पॅशन फ्रूट, भाजलेले अननस आणि नारळ यांच्यावर कोको पूर्वीसारखाच घालावा, मात्र वाढण्याच्या अगदी आधी.

ट्रे झाकून चार अंशांच्या आसपास किमान सहा तास आणि शक्यतो बारा तास ठेवावा. कॉफीचे तिरामिसू दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते, फळांचे मात्र दीड दिवसानंतर उतरणीला लागते. त्यामुळे संध्याकाळी वाढायचे असेल तर ते आदल्या रात्री रचावे, दोन दिवस आधी नव्हे. ते गोठवून ठेवू नये. गोठल्यावर गरातील पाण्याचे स्फटिक होतात आणि वितळताना तो सर्व ओलावा एकदम सुटतो, शिवाय मस्कारपोनेही खरबरीत होते. आधी तयारी करून ठेवायचीच असेल तर फिरवलेला दाट गर बंद डब्यात दोन-तीन दिवस आणि बिया घातलेले क्रीम गाळून एक दिवस फ्रिजमध्ये चांगले राहते. आपल्या पुढच्या खेपेला आंबा आणि पॅशन फ्रूट हीच जोडी घ्यावी आणि अननस तूर्त बाजूला ठेवावे. एका वेळी एकच फळ नीट बसले की पाणी कोठून सुटते आणि कडवटपणा कोठे कमी पडतो हे चाखताच कळते, आणि मग पुढच्या ट्रेमध्ये भाजलेले अननस घेताना भिजवण्याच्या द्रवात पुन्हा कॉफी आणता येईल.